अडकलेली मोटार जास्त वीज का खाते?

इंदापुरात उजनीच्या काठाला किंवा बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला राहत असाल, तर हा प्रश्न पुस्तकाच्या आधी घरातच कानावर पडलेला असतो. पंपात कचरा अडकतो, मोटार फिरत नाही, नुसती घुंई करत राहते आणि थोड्या वेळात वायंडिंग जळतं. मोटार भरून येईपर्यंत उसाची पाळी हुकते. मग बीएस्सीचा विद्यार्थी विचारतो : मोटार फिरलीच नाही, म्हणजे काम शून्य. तर तिने जास्त करंट का ओढला?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे. संशोधनाची तयारी करताना तो माहीत असलेला बरा.

1820 साली ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसूची हलते. पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्यात टेकलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. विजेपासून गती मिळाली. आता उलटं व्हायला हवं, चुंबकापासून वीज मिळायला हवी, असं अनेकांना वाटू लागलं. तरी त्याला आणखी दहा वर्षं लागली. का?

कारण बहुतेक जण स्थिर परिणाम शोधत होते. जिनिव्हाच्या कोलाडॉनचं उदाहरण बघा. 1825 मध्ये तो वेटोळ्यात चुंबक सरकवत होता. चुंबकाचा थेट परिणाम मापकावर होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हॅनोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला. काळजी अगदी योग्य होती. पण चुंबक आत सरकवून तो त्या खोलीत पोचेपर्यंत काटा शून्यावर परत आलेला असायचा. प्रयोग बरोबर होता, वीज निर्माणही होत होती, पण बघायला तिथे कोणी नव्हतं. 1831 मध्ये फॅरेडेच्या लक्षात आलं की वीज चुंबक असण्याने नाही, तर चुंबकीय क्षेत्र बदलण्याने मिळते.

आता आपल्या मोटारीकडे येऊ. मोटारीतली तार चुंबकीय क्षेत्रात फिरते. म्हणजे फॅरेडेच्या नियमाप्रमाणे तिच्यात वीज निर्माण व्हायलाच पाहिजे. कुठल्या दिशेने? 1834 मध्ये लेन्झचं उत्तर प्रसिद्ध झालं : ज्या बदलामुळे वीज निर्माण झाली, त्या बदलालाच ती विरोध करते. ती मदत करत असती तर मोटार फुकटात वेग घेत गेली असती. म्हणून फिरणारी मोटार बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजच्या विरुद्ध स्वतःचं व्होल्टेज तयार करते. यालाच आपण बॅक ईएमएफ म्हणतो.

डीसी मोटारीचा हिशोब करून बघा. पुरवठा 220 व्होल्ट, वायंडिंगचा रोध 1 ओहम आणि फिरताना बॅक ईएमएफ 210 व्होल्ट धरा. उरले 10 व्होल्ट, म्हणजे करंट 10 अँपिअर. मोटार अडकली की बॅक ईएमएफ शून्य आणि करंट थेट 220 अँपिअर. करंट 22 पट झाला, तर उष्णता 484 पट. काम शून्य, म्हणून आलेली सगळी वीज उष्णता होते. आपला विद्यार्थी अडला तो इथेच : "काम नाही" म्हणजे "वीज नाही" असं त्याने धरलं.

शेतातली थ्री फेज मोटार मात्र इंडक्शन मोटार असते, तिथे भाषा थोडी बदला. स्टेटरमधलं क्षेत्र गोल फिरतं आणि रोटर जवळजवळ त्याच वेगाने मागे धावतो. दोघांच्या वेगात फरक थोडा, म्हणून रोटरमधला करंटही मर्यादित. रोटर अडकला की फरक पूर्ण होतो आणि मोटार नेहमीच्या साधारण पाच ते सात पट करंट ओढते. सुरू होतानाही हेच घडतं, पण काही क्षणच. म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो बायपास करून मोटार चालवणं म्हणजे लेन्झशी पैज लावणं.

या कथेतला आणखी एक टप्पा 1873 चा. व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्रामचं वीज बनवणारं एक यंत्र दुसऱ्या तशाच यंत्राला तारेने जोडलं आणि दुसरं मोटार म्हणून फिरू लागलं. त्यावर पंप चालवून छोटा धबधबा दाखवण्यात आला. तारेतून वीज आली आणि पंपाने पाणी चढवलं. आज भिगवणपासून पळसदेवपर्यंत जे दिसतं, तेच. उजनीच्या 12 मेगावॅटच्या वीजघराचा आराखडाही याच तत्त्वावर आहे : तेच यंत्र एका दिशेने जनित्र आणि उलट फिरवलं की पंप.

यातून तुमच्या कामाचं काय? संशोधनाचा प्रश्न लिहिताना "काय आहे" एवढंच लिहून थांबू नका. "काय बदलतंय, आणि ते बदलतं तेव्हा माझा मापक कुठे आहे?" हेही लिहा. आणि गावात मोटार जळाल्याचं कळलं की पहिला प्रश्न हाच विचारा : जळाली तेव्हा ती फिरत होती का?