पंचांगातला गुरू आणि अंगणातला गुरू

श्रोतेहो, २१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आठवून पाहा. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष होता. दिवस मावळून अर्धा-पाऊण तास झाला, की मोताळ्याच्या अंगणातून नैर्ऋत्येला, घाटाच्या डोंगररांगेवर, गुरू आणि शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसावेत असा तो योग. चंद्राचे बिंब जेवढे रुंद दिसते, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेच अंतर दोघांत उरले होते. गुरू-शनीची इतकी जवळची युती त्याआधी १६२३ साली झाली होती. दोन-अडीच इंची भिंगाच्या साध्या दुर्बिणीतही गुरू, त्याचे चंद्र आणि शनीचे कडे एकदमच दिसू शकत होते.

मौज अशी, की युतीचा हा दिवस आधीच छापलेला होता आणि तो बरोबर निघाला. पण छापलेले आणि दिसलेले यांचा मेळ आपल्याकडे नेहमीच होता, असे समजू नका. तो बसवण्यासाठी महाराष्ट्रात फार खटपट झाली, आणि ती करणारांत शिक्षक पुढे होते. म्हणून आजची ही गोष्ट गुरुजींनी मुद्दाम ऐकावी.

कोकणातल्या नांदगावी केशव दैवज्ञ राहत. त्यांनी ग्रह स्वतः डोळ्यांनी पाहिले, जुन्या ग्रंथांतले गणित कुठे चुकते ते ताडले. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. गणित सोपे, म्हणून आपली पंचांगे शेकडो वर्षे त्याच ग्रंथावरून होत राहिली. घड्याळ रोज थोडे मागे पडले तर वर्षाअखेर किती चुकेल? तसेच इथे झाले. वडील आकाश बघत होते. मागच्यांनी पोथी ठेवली, बघणे मात्र सोडले. गणितातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे!

पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे, लोकमान्य टिळकांचे गुरू, यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. त्यांच्या गणितावर पुढे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पण ते लोकांच्या लवकर पचनी पडेना. एका पंचांगात सण आज, दुसऱ्यात उद्या, मग खरे कोणाचे? वाद पेटला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही पेशाने शिक्षकच. त्यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहून सारा इतिहास मांडला. या वादात एक जुना शब्द पुन्हा पुढे आला: दृक्प्रत्यय. म्हणजे गणित डोळ्यांना पटले पाहिजे.

तर मंडळी, हा दृक्प्रत्यय तुम्हांला घरच्या अंगणात घेता येतो. १६१० च्या जानेवारीत इटलीत गॅलिलिओने गुरूजवळचे ठिपके रोज रात्री वहीत काढले. ठिपके जागा बदलतात, म्हणजे ते गुरूभोवती फिरतात, हे त्याने त्यावरून ओळखले. त्याच्या दुर्बिणीपेक्षा आजची शाळेला परवडणारी दुर्बीण पुष्कळच चांगली. ती तिपाईवर घट्ट बसवा. आधी कमी शक्तीचे नेत्रभिंग लावा, ग्रह सापडला की मग जास्त शक्तीचे. तापलेल्या पत्र्याच्या छपरावरून बघू नका. चुलीवरची हवा थरथरते ना, तसा ग्रहही थरथरेल. आणि दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका; डोळा कायमचा जाईल.

फोटो काढायचा आहे? मोबाईल नेत्रभिंगाला नीट लावून धरा. भोवती काळोख म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो, आणि ग्रहाचा नुसता पांढरा ठिपका होतो. उजेड हाताने कमी करा, मग गुरूवरचे पट्टे उमटतील. चंद्र हवे असतील तर उजेड वाढवून दुसरा फोटो घ्या. हवा क्षणभर स्थिर होते, क्षणभर हलते. तेव्हा मिनिटभर चलच्चित्र घेऊन त्यातली स्वच्छ चित्रे निवडावीत. संगणकावर ती एकावर एक बसवली, की एका चित्रात न दिसलेले बारकावे दिसू लागतात.

गुरुजींना एक विनंती. फोटो जमला नाही तरी चालेल, पण मुलांकडून वही घालून घ्या. गुरू दिसत असेल त्या दिवसांत सलग पाच रात्री एका वर्तुळाशेजारी चंद्रांचे ठिपके काढायचे, तारीख आणि वेळ लिहायची. सर्वांत आतला चंद्र पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, हे पोरांना पुस्तक न उघडता ताडून पाहू द्या. नांदगावच्या केशव दैवज्ञांपाशी दुर्बीण नव्हती, तरी ते बघत राहिले. घाटाखालच्या पोरांनी पंचांग भिंतीवर टांगून ठेवावे, पण रात्री एकदा बाहेर येऊन ते पडताळूनही पाहावे.