मुख्य कार्यालयाचा पत्ता : हैदराबाद, लंडन आणि अमेरिकन कंपन्या

हैदराबादच्या नानकरामगुडा भागात अॅमेझॉन या अमेरिकन कंपनीने २०१९ साली साडेनऊ एकर जागेवर आपला परिसर उभारला. त्यात पंधरा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची सोय आहे. अमेरिकेबाहेर स्वतःच्या मालकीचा परिसर बांधण्याची कंपनीची ती पहिलीच वेळ होती. वाणिज्य शाखेच्या वर्गात मी एकदा विचारले, "अॅमेझॉनचे हेड ऑफिस कोठे आहे?" निम्म्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "सर, इथेच की, गच्चीबावलीच्या पुढे!" उत्तर चुकले होते, परंतु चूक अभ्यास करण्याजोगी होती. इमारत इथे, माणसे इथे, संगणक इथे. मात्र पुढील वर्षी किती माणसे ठेवावयाची आणि किती कमी करावयाची, हे ठरते ते सिएटलला. काम आणि निर्णय यांतील हे अंतर हैदराबादला नवीन नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोठ्या कंपनीला साधारणतः तीन पत्ते असतात : ती जेथे कायद्याने नोंदलेली असते तो, तिचे संचालक जेथे बसतात तो, आणि तिचे प्रत्यक्ष काम जेथे चालते तो. पाठ्यपुस्तकांत या तिन्हींची गल्लत होते. अमेरिकेतील जुने उदाहरण स्टँडर्ड ऑइलचे आहे. रॉकफेलरचा हा व्यवसाय ओहायोतील क्लीव्हलँड येथे वाढला, १८८० च्या दशकात त्याचे मुख्य कार्यालय न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आले आणि १८९९ मध्ये सर्व कारभार न्यू जर्सी राज्यात नोंदलेल्या कंपनीकडे गेला, कारण एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे भाग बाळगण्यास त्या राज्याच्या कायद्याने मुभा दिली होती. तेल निघत होते ते मात्र पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन यांनी न्यू जर्सीचे कायदे कडक केल्यावर कंपन्यांनी आपली नोंदणी शेजारच्या डेलावेअरमध्ये नेली. आजही मोठ्या अमेरिकन कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक त्या चिमुकल्या राज्यात नोंदलेल्या आहेत. अॅमेझॉनही त्यांपैकीच एक.

मुख्य कार्यालयाची जागा ठरविताना फार मोठे शास्त्र असते, असा आपला समज असतो. इतिहास पाहिला तर पुष्कळदा ती संस्थापकाच्या घराजवळच सापडते. वॉलमार्टचा कारभार अजूनही आर्कान्सातील बेंटनव्हिल या गावातून चालतो, कारण सॅम वॉल्टन तेथे दुकान चालवीत असत. मायक्रोसॉफ्ट १९७५ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीला सुरू झाली, परंतु चार वर्षांतच दोघे संस्थापक आपल्या मूळ प्रांतात, सिएटलजवळ परतले. बेझोस यांनी मात्र हिशेब करून सिएटल निवडले : तेथे संगणक अभियंते मिळत होते आणि राज्याची लोकसंख्या कमी असल्याने विक्रीकर द्यावे लागणारे ग्राहकही थोडे होते. एकदा मिळालेले मुख्य कार्यालय कायम राहते असेही नाही. बोइंगने २००१ मध्ये सिएटल सोडून शिकागो गाठले आणि २०२२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनजवळचे आर्लिंग्टन. विमाने बांधण्याचे कारखाने बहुतांशी होते तेथेच राहिले.

आता आपल्याकडे वळू. निझामाच्या राज्यात पहिली रेल्वे १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला आली. तिला पैसा राज्याचा होता. १८८३ च्या फेब्रुवारीत सालारजंग यांचे निधन झाले. निझाम मीर महबूब अली खान तेव्हा अल्पवयीन होते. त्याच वर्षी रेल्वे पुढे नेण्याची योजना लंडनमधील भांडवलदारांच्या हाती देण्याचे ठरले. ही योजना इतिहासात चांदा रेल्वे योजना म्हणून ओळखली जाते. चांदा म्हणजे आपले आजचे चंद्रपूर.

या योजनेच्या अटी जाहीर करा, लोकांना आपले मत मांडण्यास वेळ द्या, अशी मागणी हैदराबादच्या काही सुशिक्षितांनी केली. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे त्यांच्यात अग्रभागी होते. दोघेही शिक्षणक्षेत्रात रमणारे. अघोरनाथांना राज्याबाहेर घालविण्यात आले. हैदराबादच्या सार्वजनिक जीवनातील या पहिल्या मोठ्या चळवळीची मागणी रेल्वे नको अशी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. करारात काय आहे ते आम्हाला दाखवा, एवढीच ती होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाला दोन ओळीही मिळत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

कंपनी अखेर स्थापन झाली. निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे हे तिचे नाव. नोंदणी आणि संचालक मंडळ लंडनला, रूळ तेलंगणात. नावातील 'गॅरंटीड' या शब्दातच सारे आले आहे : भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीने दिली होती. गाडी रिकामी धावली तरी लंडनच्या भागधारकाचे व्याज चुकणार नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडपर्यंत जी मीटरगेज लाइन झाली, तीही याच कंपनीच्या व्यवस्थेखाली आली. म्हणजे मराठवाड्यातील कापूस ज्या दराने मनमाडला जाई, त्याचे कागद लंडनच्या टेबलावर जात. चांद्याच्या दिशेने जाणारी काझीपेट–बल्लारशा लाइन पूर्ण होण्यास मात्र १९२९ साल उजाडावे लागले.

खाणींचे प्रकरण याहून बोलके आहे. येल्लंदू भागात कोळसा असल्याचे भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले होते. १८८६ मध्ये राज्यातील खनिजांचा मक्ता वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना मिळाला व त्यांनी लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी केली. भांडवल दहा लाख पौंड, प्रत्येकी दहा पौंडांचे एक लाख भाग. यांपैकी ८५ हजार भाग मक्तेदारांनी पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडेच घेतले. त्यासाठी रोख पैसा कोणी दिला नव्हता. राज्याच्या वतीने लंडनमध्ये बोलणी करणारे सरदार अब्दुल हक यांनी यांतील हजारो भाग दर्शनी किमतीपेक्षा जादा दराने निझाम सरकारलाच घ्यावयास लावले आणि विकणाऱ्यांत ते स्वतःच होते. म्हणजे मक्ता देणाऱ्या राज्याने आपल्याच मक्त्याचे पैसे मोजले! बोभाटा झाल्यावर १८८८ मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सला चौकशी समिती नेमावी लागली आणि अब्दुल हक यांना पदावरून जावे लागले. इथे दोष केवळ परक्यांना देऊन चालणार नाही. मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे असल्यामुळे मधल्या माणसाला काय करता आले, हा यातील खरा प्रश्न होय. हैदराबादेत बसलेल्या कोणालाही भागधारकांची वही पाहता येत नव्हती.

कंपनीचा पत्ता परत येण्यास चौतीस वर्षे लागली. २३ डिसेंबर १९२० रोजी सिंगरेणी कोलिअरीज कंपनी हैदराबादच्या कायद्यान्वये नोंदली गेली आणि लंडनच्या कंपनीची मालमत्ता व देणी तिच्याकडे आली. परंतु नोंदणी बदलली म्हणजे मालकी बदलली असे नव्हे. बहुसंख्य भाग राज्याच्या हाती आले ते १९४५ मध्ये. रेल्वे राज्याने १९३० मध्ये विकत घेतली होती. सिकंदराबाद आज दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, त्याची मुळे याच इतिहासात आहेत.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या पिढीने पाहिले आहे. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ नंतर स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाचे जिल्हे तीन राज्यांत वाटले गेले, तरी या बँकेचे मुख्य कार्यालय हैदराबादच्या गनफाउंड्रीलाच राहिले. परभणीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या लेखी निझामाचे राज्य गेल्यावरही हैदराबाद उरले ते बँकेच्या पासबुकावर. १ एप्रिल २०१७ रोजी ही बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि निर्णयाचे केंद्र मुंबईला गेले. शाखा होत्या तेथेच राहिल्या, फलक तेवढे बदलले.

मायक्रोसॉफ्टने आपले भारतातील विकास केंद्र १९९८ मध्ये हैदराबादला उघडले. त्याच वर्षी सायबर टॉवर्सचे उद्घाटन पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते झाले. लंडनच्या कंपन्यांना येथील कोळसा हवा होता, रेडमंडच्या कंपनीला येथील पदवीधर. हा फरक लहान नाही. पदवीधर शिकून पुढे सरकू शकतो. कोळसा सरकत नाही. बेगमपेठेतील हैदराबाद पब्लिक स्कूल ही १९२३ मध्ये जहागीरदारांच्या मुलांसाठी काढलेली शाळा. तिचे माजी विद्यार्थी शंतनू नारायण २००७ मध्ये अडोबीचे आणि सत्या नडेला २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे मुख्याधिकारी झाले. मुख्य कार्यालय हैदराबादला आले नाही, हैदराबादची माणसे त्यात जाऊन बसली. तरीही हमीच्या व्याजाऐवजी आज जमीन, वीज आणि करसवलती दिल्या जातात. त्या देताना करारात काय आहे ते आम्हाला दाखवा, हे अघोरनाथांचे म्हणणे वर्गात पुन्हा उच्चारण्यास हरकत नसावी.

त्या दिवसानंतर मी मुलांना एक काम दिले. कोणत्याही पाच कंपन्या घ्या, वहीवर तीन रकाने आखा आणि नोंदणी, मुख्य कार्यालय व काम यांचे पत्ते भरा. अमेरिकन कंपन्यांच्या ओळीत तीन निरनिराळी नावे आली. कोत्तागुडेमहून आलेल्या एका विद्यार्थिनीने सिंगरेणी घेतली होती. नोंदणी कोत्तागुडेम, मुख्य कार्यालय कोत्तागुडेम, काम कोत्तागुडेम व आसपासचे जिल्हे. आपले काहीतरी चुकले असावे, असे तिला वाटले. मी तिला त्याच ओळीखाली १८८६ साल लिहून रकाने पुन्हा भरावयास सांगितले.