खालच्या कवळीचे अस्तर

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल, आणि काहींची जीभ नकळत स्वतःच्या कवळीकडे गेली असेल. पहिल्यांनी खुशाल हसावे. आम्ही बोलणार आहोत ते विशेषेकरून दुसऱ्यांसाठी.

घरात कवळी वापरणारे कोणी वडीलधारे असेल तर एक गोष्ट आपण पाहिलीच असेल. वरची कवळी दिवसभर तोंडात असते आणि खालची मात्र वाटीतल्या पाण्यात. याचा दोष कधी दंतवैद्याला, तर कधी म्हातारपणच्या हट्टाला दिला जातो. खरे कारण जबड्याच्या रचनेत आहे. वरच्या कवळीला टाळूचा ऐसपैस आधार मिळतो. मध्ये लाळेचा पातळ थर राहतो आणि कवळी चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही. घोड्याच्या नालासारखी ती अरुंद पट्टी. टेकायला जागा वरच्यापेक्षा साधारण निम्मी. आतून जीभ ढकलते, बाहेरून ओठ आणि गाल ढकलतात. त्यातच, ज्या हाडाच्या उंचवट्यावर तिला बसायचे ते हाड दात गेल्या दिवसापासून झिजू लागते. कवळी होती तशीच राहते, तिच्याखालची जमीन मात्र खचत जाते. मग ती हलते, टोचते, हिरडीला जखमा होतात. अशा वेळी दात चांगले असतील तर नवी कवळी न करता जुनीच्याच आतल्या बाजूला नवा थर देऊन ही पोकळी भरतात. त्या थराला आपण अस्तर म्हणू. ते कशाचे असावे, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

प्रथम ज्या काळी अस्तर ही कल्पनाच संभवत नव्हती त्या काळाकडे पाहू. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, आणि तो खालच्या जबड्यात होता. त्याचे दात लाकडाचे होते ही लोककथा आहे. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुडने त्याला पाणघोड्याच्या दाताची कवळी कोरून दिली आणि त्या एकुलत्या एका दातासाठी तिला भोक ठेवले. वरची व खालची कवळी स्प्रिंगांनी जोडलेली असे; तोंड मिटायचे तर सतत जोर लावावा लागे. अशा कवळ्यांत माणसांचे खरे दातही बसवीत. वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत १७८४ साली गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते त्याच्याच कवळीत गेले की काय, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. पण ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांच्या तोंडातून ते आले, एवढे खरे.

या हस्तिदंती कामाची खरी अडचण अशी की कोरलेल्या वस्तूतून काढता येते, तिच्यात घालता येत नाही. टोचले तर खरवडा; सैल झाले तर इलाज नाही. सोन्याच्या पत्र्याची कवळी धनिकांना परवडे, पण हाड झिजले की तीही तशीच पोकळ पडे.

पुढे दोन शोध थोड्याच वर्षांच्या अंतराने लागले. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, आणि १८५१ साली त्याचा भाऊ नेल्सन याने गंधक पुष्कळ वाढवून शिंगासारखे कठीण रबर करण्याचे पेटंट घेतले. हेच व्हल्कनाइट. दरम्यान १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी ठरली होती. दात काढणे वेदनारहित झाले म्हणताच लोक दात भराभर काढून घेऊ लागले, आणि दात काढलेल्यांना कवळ्या हव्या झाल्या. तोंडाचा ठसा घ्यायचा, प्लॅस्टरचा साचा करायचा, चिनी मातीचे दात मांडायचे, मऊ रबर दाबून भरायचे आणि वाफेच्या बंद भांड्यात शिजवायचे. हिरडीच्या प्रत्येक खाचखळग्याशी जुळणारी कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात प्रथम आली ती अशी.

आणि लगेच दलालही आले. रबरी कवळीचे पेटंट १८६४ साली जॉन कमिंग्ज याला मिळाले; ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने घेतले. या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरे, परवाना न घेता व्हल्कनाइट वापरणाऱ्या दंतवैद्यांना हुडकून काढी आणि त्यांच्यावर फिर्यादी ठोकी. सॅम्युएल चॅल्फंट नावाचा दंतवैद्य त्याला टाळण्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी जाता जाता सान फ्रान्सिस्कोला पोचला. बेकन तेथेही हजर! १३ एप्रिल १८७९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, चॅल्फंट पिस्तूल घेऊन बेकनच्या हॉटेलातल्या खोलीवर गेला आणि बेकन गोळी लागून मेला. चॅल्फंटला दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांनी, १८८१ साली, त्या पेटंटाची मुदतच संपली. कवळीपायी खून, हे ऐकायला विचित्र वाटते. पण पोटाचा धंदा परवान्याच्या दोरीला बांधला गेला म्हणजे असले काही घडते.

व्हल्कनाइटला अस्तर घालता येई, पण मोठ्या सायासाने. नवे रबर लावायचे तर सबंध कवळी पुन्हा वाफेत घालावी लागे. दुसऱ्या आचेने जुने रबर काळवंडे, ठिसूळ होई, कधी वाकडेही होई. तरी ऐंशी वर्षे त्याने राज्य केले.

त्याला हटवले ॲक्रिलिकने. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत व इंग्लंडात हा काचेसारखा पदार्थ निघाला. त्याचे पारदर्शक तक्ते पुढे लढाऊ विमानांना लागले आणि त्याची भुकटी व द्रव १९३७ च्या सुमारास कवळ्यांना. हिरडीचा गुलाबी रंग त्याला साधे. १९४२ साली आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या हाती गेले, तेव्हा उरलेसुरले लोकही ॲक्रिलिककडे वळले. याच युद्धकाळात जर्मनीत असा प्रकार निघाला की भुकटी व द्रव कालवले की उकळत्या पाण्यावाचून आपोआप घट्ट होई. अस्तराच्या दृष्टीने क्रांती झाली ती येथे, कारण आता रोगी खुर्चीवर बसला असतानाच त्याच्या तोंडात अस्तर घालता येऊ लागले.

गरज केवढी होती पाहा. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की १९५१ साली कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसवण्याची पाळी आली. त्या वादात अन्यूरिन बेव्हन मंत्रिपद सोडून गेला. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या शंभरांतल्या सदतीस प्रौढांच्या तोंडात एकही दात नव्हता.

मग कोणते अस्तर बरे? पहिली पद्धत जुनी आणि सावकाश. रोग्याच्याच कवळीत पातळ ठसा घ्यायचा, ती कारखान्यात पाठवायची, ॲक्रिलिक भरून सुमारे ७४ अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे. असे अस्तर दाट, चकचकीत व मजबूत होते, आणि त्यात न जुळलेला द्रव फारच थोडा उरतो. परंतु रोग्याला दिवस दोन दिवस तोंड बोळके ठेवून काढावे लागतात. आणि जुनी कवळी पुन्हा तापली की थोडी वाकण्याची धास्ती राहतेच.

दुसरी पद्धत तोंडातल्या तोंडात. १९५० नंतर जी मिश्रणे निघाली त्यांत मिथाइल मेथाक्रिलेट हा तिखट द्रव होता. घट्ट होताना ते तापे, हिरडी भाजे, घाण वास येई. कालवताना शिरलेली हवा बुडबुडे होऊन आत राही आणि त्या छिद्रांत बुरशी घर करी. आपण त्या खुर्चीवर बसलो आहो अशी कल्पना करा. पुढे इथाइल जातीची भुकटी आणि ब्यूटाइल जातीचा द्रव वापरात आला. त्याचे रेणू मोठे, त्यामुळे उष्णता कमी आणि जळजळही कमी. पण बळही कमी, आणि रंग लवकर बिघडतो. १९८० नंतर दिव्याच्या प्रकाशाने घट्ट होणारी राळ आली. तीत तो तिखट द्रव नाही. तोंडात आकार द्यायचा आणि बाहेर काढून दिव्याखाली ठेवायची. ती कठीण खरी, पण ठिसूळ, आणि जुन्या ॲक्रिलिकशी तिची गट्टी खात्रीने जमत नाही.

कोष्टके मांडणारे यांतले बळ मोजतात आणि पहिल्या पद्धतीला पहिला क्रमांक देतात. ज्याला दोन दिवस कळ काढता येते, ज्याची हिरडी धडधाकट आहे, त्याच्यासाठी आमचाही कौल तोच आहे. निम्म्या जागेवर चावण्याचा सगळा भार पेलणाऱ्या खालच्या कवळीला दाट, गुळगुळीत पृष्ठभाग हवाच. पण पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना पेजेवर दोन दिवस काढायला सांगून घरी पाठवायचे, आणि पुन्हा येण्यासाठी कोणाची तरी वाट पाहायला लावायचे, हे काही त्या कोष्टकात मोजलेले नसते. त्यांना खुर्चीवर घातलेले इथाइल जातीचे अस्तर पुरे. ते वर्षा-दोन वर्षांत खराब होईल, होऊ द्यावे. तोवर हाडही सरकलेले असणारच. १९७२ साली आंत्ये टालग्रेन या संशोधिकेने पंचवीस वर्षांच्या मोजमापांतून दाखवले की कवळीखाली खालचा उंचवटा वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट झिजतो, आणि वर्षे लोटली तरी झीज पुरती थांबत नाही. जन्मभर टिकणारे अस्तर सापडले तरी त्याचा उपयोग काय, असा प्रश्न त्या आकड्यांपुढे पडतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अस्तराला साधत नाही. दात झिजून हनुवटी वर चढली असेल, किंवा दोन्ही कवळ्यांचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर आतून कितीही भरले तरी कवळी हलायची ती हलतेच. तेथे नवीच करावी.

२००२ साली कॅनडात माँट्रिऑल येथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवले की दात नसलेल्या खालच्या जबड्यात टायटेनियमचे दोन खुंट बसवून त्यांवर कवळी अडकवणे हाच पहिला उपाय मानावा. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य करावा. त्या खुंटांवर बसणाऱ्या टोप्या कवळीत पक्क्या करायच्या असतात, आणि त्यासाठी दंतवैद्य पुष्कळदा रोग्याला खुर्चीवर बसवून, कवळीला आतून खळगे पाडून, त्यांत आपोआप घट्ट होणारे तेच ॲक्रिलिक भरतो आणि रोग्याला तोंड मिटून थोडा वेळ स्वस्थ बसायला सांगतो.