करवत, पायाची पकड आणि किल्लारीचे खण

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. घात केला तो मुख्यतः मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थर चढवून जड झालेल्या माळवदांनी.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना मात्र एक दृश्य वारंवार दिसले. अनेक घरांच्या भिंती कोसळल्या होत्या. खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा, म्हणजे ‘खण’, उभाच होता. लाकूड लवते, हे त्याचे एक कारण. दुसरे सांध्यात असते. खांबाच्या डोक्यावरचे कुसू तुळईच्या भोकात नेमके बसले, तर सांधा हेलकावा सोसतो; सैल राहिले, तर निखळतो. हा नेमकेपणा येतो करवतीवरच्या ताब्यातून.

गावगाड्यातला सुतार हा ताबा कसा मिळवी? जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून. वसाहतकाळातील युरोपीय निरीक्षकांना ही बैठक मागासलेली वाटे. पण पाय लाकूड धरतो, तेव्हा दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय आपली पारंपरिक करवत ओढताना कापते. ओढताना पाते ताणले जाते, ढकलताना ते वाकू पाहते. म्हणून ओढीचे पाते पातळ असले तरी चालते.

गंमत अशी की अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये लाकडी जडावकाम करणारे कारागीरही बसूनच कापत, आणि लाकडाचा चिमटा पायाने आवळत. नक्षी कापणारी आजची स्क्रोल सॉ त्याच कुळातली. तिचे बारीक पाते दोन्ही टोकांना ताणून बसवतात, दात खाली रोखून. छेडल्यावर ते स्वच्छ वाजले पाहिजे. ढिले पाते रेघ सोडून भरकटते. यंत्राचा तक्ता कोपराच्या किंचित खाली असावा, म्हणजे खांदे उचलले जात नाहीत. यंत्र किंचित पुढे कलते केल्यास मान वाकवावी लागत नाही. बटण पायाखाली घेतले की दोन्ही हात लाकडावर राहतात. सुताराच्या अंगठ्याने केलेले काम येथे पायबटण करते, इतकेच.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथील सिमेंटच्या घरांत खणाला जागा उरली नाही. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथे मात्र जुनी घरे बळकट करण्याचे उपाय सुचवले गेले: माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवणे, आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके लाकडी टेकू ठोकणे. त्या टेकूंची टोके खांबाला आणि तुळईला सपाट भिडतील अशी तिरकी कापण्यासाठी पुन्हा करवतच लागणार होती.