हेल कोणाचा, भाषा कोणाची?



फ्रेंच भाषेच्या इतिहासावर बोलायला एका कामगार संघटकाने उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. फ्रेंच शिकलो ती चाळिशी उलटल्यावर, युनियनच्या कचेरीतून घरी परतल्यावर रात्री, एक जुने पुस्तक आणि ध्वनिमुद्रित धडे यांच्या आधाराने. दर जूनमध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रमपरिषद भरते. एका वर्षी तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा वाटले, आता आपली विद्या कामी येणार. पहिल्याच दिवशी दुकानदाराने किंमत सांगितली, ‘नोनांत’. माझ्या पुस्तकात नव्वदसाठी ‘चार विसा दहा’ अशा अर्थाचा शब्द होता. नोनांत म्हणजेच नव्वद, हे उमगेपर्यंत माझ्यामागे रांग लागली. सायंकाळी क्वेबेकच्या एका कामगार प्रतिनिधीशी गाठ पडली. त्याच्या दहा शब्दांतले चार मला कळले. शरमून म्हणालो, “माझी फ्रेंच कच्ची आहे.” तो हसून म्हणाला, “पॅरिसला गेलो की लोक मलाही तसेच ऐकवतात. आणि ती तर माझी मातृभाषा!”

ह्या वाक्याने माझी झोप उडवली. ज्याची मातृभाषा, त्यालाच ती कच्ची ठरवणारा हा परीक्षक कोण?

फ्रान्समध्ये सारे लोक पूर्वापार फ्रेंच बोलत आले, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. दक्षिणेत ऑक्सितान, पश्चिम टोकाला ब्रेतों, पिरेनीज पर्वताकडे बास्क व कातालान, अल्सासमध्ये जर्मन वळणाची बोली, अशी तेथील स्थिती होती. १५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने न्यायालयाचे कागद फ्रेंचमध्ये लिहिण्याचा हुकूम काढला. पण तो कागदांपुरता. राज्यक्रांतीनंतर, १७९० साली, आबे ग्रेग्वार यांनी देशभर प्रश्नावली पाठवली आणि १७९४ साली अहवाल मांडला. अडीच कोटींहून अधिक वस्तीच्या त्या देशात निदान ६० लाखांना राष्ट्रभाषा येत नव्हती, आणखी जवळजवळ तितक्यांना ती सलग बोलता येत नव्हती, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते, असे त्यांचे अनुमान होते.

ग्रेग्वार हे शिंप्याचे पुत्र, गुलामगिरीचे कडवे विरोधक. कायदा ज्या भाषेत लिहिला जातो ती भाषा नागरिकाला कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. करारपत्रे कामगारांना वाचून दाखवण्यात ज्याची उमेद गेली, तो माझ्यासारखा माणूस याला नाही कसे म्हणेल? परंतु अहवालाच्या शीर्षकातच बोली नष्ट करण्याची भाषा होती. सर्वांना एक भाषा देणे आणि घरची भाषा काढून घेणे, ही दोन कामे तेथे एकाच दावणीला बांधली गेली.

पुढे झ्यूल फेरी यांच्या १८८१ व १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. गरिबाच्या मुलाच्या हाती अक्षर आले, हे ऋण मोठेच. पण ब्रेतान्य प्रांतातल्या अनेक शाळांत मूल घरची भाषा बोलताना सापडले, की त्याच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा तसलीच काही वस्तू अडकवीत. ती उतरवायची तर दुसऱ्या मुलाला बोलताना पकडून द्यायचे! माणसांत फूट पाडण्याची ही युक्ती कारखान्यांतही चालते. अशा रीतीने घरचे शब्द गेले. सूर मात्र जिभेवर राहिला. आज ज्याला आपण दक्षिणी हेल म्हणतो, तो बऱ्याच अंशी मागे हटलेल्या ऑक्सितानचा फ्रेंचमध्ये उरलेला आवाज आहे.

आणि ‘शुद्ध’ तरी काय? राजाला फ्रेंचमध्ये आज ‘र्वा’ म्हणतात. क्रांतीपूर्वी दरबारी उच्चार ‘र्वे’च्या जवळचा होता, ‘र्वा’ हा पॅरिसच्या सामान्य जनांचा. क्रांतीनंतर सत्ता फिरली, तसा उच्चारही फिरला. क्वेबेक मात्र १७६३ च्या तहाने इंग्रजांकडे गेले होते. तेथील साधी माणसे ‘म्वा’ऐवजी ‘म्वे’ म्हणत राहिली. म्हणजे पुढे जो उच्चार गावंढळ ठरला, तो एके काळी राजाच्या तोंडचा होता! त्याच क्वेबेकमध्ये कित्येक कारखान्यांत मजुरांना साहेबाशी इंग्रजीतच बोलावे लागे. १९७० साली सेंत-तेरेझ येथील मोटारींच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा कामाची भाषा फ्रेंच असावी, हीही एक मागणी होती. १९७७ च्या भाषासनदेने तो हक्क कायद्यात आला.

तेव्हा फ्रेंच शिकणाऱ्याला माझे सांगणे इतकेच, की बोलायला एक हेल पुरे, पण ऐकायला अनेक हवेत. पॅरिसचा माणूस ‘तुलूझ’ म्हणून थांबतो. तुलूझचा माणूस शेवटी हलकासा ‘अ’ लावतो आणि नाकातल्या स्वरांमागे ‘ङ’ उमटवतो. क्वेबेकमध्ये ‘त्यू’चा ‘त्स्यू’ होतो. आपल्या ‘चाका’तला ‘च’ ज्याच्या कानात आहे, त्याला तो ओळखणे अवघड जाऊ नये. बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्तांत’, नव्वदला ‘नोनांत’. ह्या चुका नव्हेत. त्यांना नियम आहेत, आणि नियम शिकता येतात.

२६ नोव्हेंबर २०२० रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने हेलावरून भेदभाव करणे गुन्हा ठरवणारे विधेयक पहिल्या वाचनात ९८ विरुद्ध ३ मतांनी संमत केले. ग्रेग्वार यांच्या अहवालानंतर सव्वादोनशे वर्षांनी तेथील सभागृहाला हेल हा संरक्षणाचा विषय वाटला.

शेवटी एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वाटाघाटीत आमचा एक साथी ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणाला. समोरचे साहेब हसले, आणि त्यांच्यापुढे आपण शिकलेले दिसावे म्हणून मीही हसलो. साथी गप्प झाला आणि बैठक दुसऱ्या विषयाकडे वळली. त्याची मागणी खात्यात पिण्याच्या पाण्याचा नळ हवा, ही होती. तो नळ यायला आणखी एक उन्हाळा गेला. जिनिव्हाला तो क्वेबेकचा गृहस्थ हसून बोलला, तेव्हा मला हाच साथी आठवला.