विद्यार्थी प्रतिनिधित्व, ऑस्ट्रेलियन विद्यापीठांतील

विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या मंडळांवर आणि समित्यांवर विद्यार्थ्यांमधून निवडलेले सभासद घेण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियातील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे त्या त्या राज्याच्या कायद्याने स्थापन झाली आहेत. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी मात्र केंद्राच्या कायद्याने चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांना किती जागा, हे ठिकाणानुसार बदलते. सर्वोच्च मंडळाला बहुतेक ठिकाणी कौन्सिल म्हणतात, सिडनी व क्वीन्सलँड येथे सिनेट. अंदाजपत्रक मंजूर करणे आणि कुलगुरू नेमणे ही कामे याच मंडळाची असल्याने ते आपल्या अधिसभेपेक्षा व्यवस्थापन परिषदेला जवळचे आहे.

कॅनबेराच्या १९९१ च्या कायद्यानुसार कौन्सिलवर १५ सभासद असतात. त्यांतले ७ केंद्रीय मंत्री नेमतात. विद्यार्थ्यांचे दोन: एक पदवीचा, एक पदव्युत्तर. इतरत्रही चित्र साधारण असेच, एक-दोन जागांचे. मताच्या जोरावर एखादा ठराव पाडण्याइतके बळ विद्यार्थ्यांकडे कुठेच नाही.

या जागेचा खरा पेच कर्तव्याच्या व्याख्येत आहे. विद्यार्थी निवडून येतो विद्यार्थ्यांच्या मतांवर, पण मंडळावर बसताच इतर सभासदांप्रमाणे त्यालाही संपूर्ण विद्यापीठाचे हित पाहून मत द्यावे लागते, मतदारांचा निरोप्या म्हणून नव्हे. केंद्र सरकारने २००३ च्या सुधारणांत हा नियम कारभाराच्या आचारसंहितेत घातला, सभासदसंख्येवर २२ ची मर्यादा आणली, बाहेरच्या सभासदांचे बहुमत अनिवार्य केले आणि हे सगळे वाढीव अनुदानाशी जोडले. बैठकीआधी हाती पडणारे कागदपत्रांचे जाडजूड बाड वाचायचे, त्यातल्या ‘गोपनीय’ शिक्क्याच्या बाबींवर बाहेर अवाक्षर काढायचे नाही, आणि एखादा विभाग बंद करण्याचा प्रस्ताव त्यातच असेल तर त्याच विभागातल्या मित्रांसमोर गप्प बसायचे. विशी-बाविशीतल्या मुलाकडून किंवा मुलीकडून ही अपेक्षा असते. गोपनीयतेला कारणे आहेत, पण तिचा वापर गरजेपेक्षा सढळ होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रोजच्या शिक्षणावर परिणाम करणारे निर्णय बरेचदा खालच्या पातळीवर होतात: विद्या परिषद, विद्याशाखा मंडळ, अभ्यासक्रम समिती. गुणांची विभागणी, असाइनमेंटची मुदत, प्रात्यक्षिकांची सक्ती हे सारे तिथे ठरते. देशभरच्या उच्चशिक्षण मानकांनुसार विद्यार्थ्यांना शैक्षणिक कारभारात सहभागाची संधी देणे प्रत्येक संस्थेला बंधनकारक आहे. ‘टेक्सा’ ही नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. संधी म्हणजे नेमके काय, हे मात्र संस्थेवर सोपवलेले आहे.

जागा किती सहज काढून घेता येते, हे व्हिक्टोरिया राज्यात दिसले. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये कायदा बदलून कौन्सिलवर निवडून आलेले विद्यार्थी व कर्मचारी घेण्याची सक्तीच उठवली. सरकार बदलल्यावर २०१५ च्या कायद्याने ती पुन्हा आली.

त्याहून मोठा घाव संघटनांवर पडला. विद्यार्थी संघटनांची सक्तीची वर्गणी बंद करणारा केंद्रीय कायदा डिसेंबर २००५ मध्ये संमत झाला आणि जुलै २००६ पासून लागू झाला. संघटनांची आवक आटली, अनेक ठिकाणी कर्मचारी आणि सेवा कमी झाल्या. मंडळावरची खुर्ची शाबूत राहिली, पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला आकडे समजावून देणारी, नियम शोधून देणारी, तक्रारी गोळा करून आणणारी यंत्रणा दुबळी झाली. प्रतिनिधित्वाचा इतिहास लिहिताना जागांची मोजदाद करून थांबणे म्हणूनच अपुरे आहे. मागे भक्कम, स्वतंत्र संघटना नसेल तर एकटा सभासद मंडळाची शोभा वाढवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

२०११ च्या कायद्याने विद्यापीठांना विद्यार्थी सेवा व सुविधा शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. २०१२ मध्ये त्याची कमाल मर्यादा वर्षाला २६३ डॉलर होती. हा पैसा राजकीय पक्षांसाठी वापरता येत नाही. पण तो जमा होतो विद्यापीठाकडे आणि संघटनेला त्यातले किती द्यायचे, हे बरीच वर्षे विद्यापीठच ठरवत असे. ज्याच्या निर्णयाला विरोध करायचा, त्याच्याच दारी निधीसाठी उभे राहायचे, अशी ही व्यवस्था होती. २०२४ च्या दुरुस्तीने तिला लगाम घातला. १ जानेवारी २०२५ पासून या शुल्कातला किमान ४० टक्के वाटा विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघटनांना देणे बंधनकारक आहे. अलीकडच्या काळातली ही सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल.

राष्ट्रीय पातळीवर नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स ही १९८७ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे. पदव्युत्तर आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या संघटना वेगळ्या आहेत.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेनुसार नेमणुकीची रीत आणली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद केली खरी, पण त्या निवडणुका लांबणीवर पडत राहिल्या. अशा वातावरणातून ऑस्ट्रेलियात गेलेला मराठी विद्यार्थी तिथल्या निवडणुकीकडे सहसा परक्याच्या नजरेने पाहतो. तसे पाहण्याचे कारण नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत चीननंतर भारताचाच क्रम लागतो, आणि विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत मत देण्यासाठी किंवा उभे राहण्यासाठी नागरिकत्वाची अट सहसा नसते. सेवा शुल्क भरलेच आहे, तर मतदानाची सूचना देणारा ई-मेल न उघडता पुसून टाकू नये.