श्वासाच्या हिशेबाने व्यायाम : तीव्र दमा आणि घर

ज्याला फार धाप लागते तो तीव्र दमा, असा सर्वसाधारण समज. वैद्यकात मात्र ही तीव्रता औषधावरून ठरते. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा मोठा डोस आणि जोडीला दुसरे नियंत्रक औषध, एवढे नियमित घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा डोस उतरवला की लगेच उसळतो, तो तीव्र दमा. युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली मिळून ही व्याख्या मांडली. एकूण दमेकऱ्यांत असे रुग्ण शेकडा ३ ते १० भरतात. व्याख्येला एक अटही आहे : पंप चुकीच्या पद्धतीने ओढला जातोय, औषध मध्येच सोडले जातेय, घरात कुणी विड्या-सिगारेटी ओढतेय, आम्लपित्ताकडे किंवा नाकाच्या त्रासाकडे दुर्लक्ष झालेय, ही कारणे आधी वगळावी लागतात. म्हणून व्यायामाचा विषय काढण्याआधी डॉक्टरांसमोर एकदा पंप ओढून दाखवावा. वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्यांचेही तंत्र चुकलेले सापडते.

अशा रुग्णाला सल्ले दोन प्रकारचे मिळतात. घरचे म्हणतात, जपून, जिना चढू नकोस, बादली उचलू नकोस. दवाखान्यातला छापील कागद म्हणतो, नियमित व्यायाम करा. किती करायचा आणि कसल्या हवेत, हे दोघेही सांगत नाहीत. माझ्या मते तीव्र दम्यात व्यायाम पावलांनी किंवा कॅलरींनी मोजण्यात अर्थ नाही. दर मिनिटाला छातीतून किती हवा जाते, ती कोरडी आहे की दमट, स्वच्छ आहे की धुरकट, यावर सगळा हिशेब मांडायला हवा.

हवा, पाणी आणि आवळणारी नळी

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. सावकाश चालताना हा आकडा १५-२० च्या घरात जातो, भरभर जिने चढताना ५० ओलांडू शकतो. साधारण ३५ ते ४० लिटरपर्यंत नाक काम निभावते, त्यापुढे तोंड उघडतेच. फुप्फुसात पोहोचेपर्यंत ही हवा ३७ अंशांपर्यंत तापलेली आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते, म्हणजे दर लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी. बाहेरच्या हवेत एवढे पाणी नसते. तूट श्वासनलिकांचे अस्तर भरून काढते. हवेचा ओघ वाढला की अस्तरावरचा पातळ द्रव आटतो आणि जास्त खारट होतो. त्या खारेपणाने चाळवलेल्या मास्ट पेशी हिस्टॅमिन, ल्युकोट्राइन अशी द्रव्ये सोडतात आणि नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. व्यायामाने येणाऱ्या दम्याची ही उपपत्ती ऑस्ट्रेलियातल्या संशोधक सँड्रा अँडरसन यांनी प्रयोगांच्या आधारे उभी केली.

या उपपत्तीतून थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २५ अंशांच्या, निम्मी आर्द्रता असलेल्या खोलीत दर लिटर हवेत सुमारे ११ ते १२ मिलिग्रॅम बाष्प असते. अस्तराला ३२ च्या आसपास घालावे लागतात. पुण्या-नाशिककडच्या थंडीत पहाटे पारा १० अंशांवर असेल तर हीच तूट ३७ पर्यंत जाते. आणि २२ अंशांवर एसी लावलेल्या बंद खोलीत? तिथेही ३५ च्या जवळपास. म्हणजे घाम येऊ नये म्हणून एसी लावून व्यायाम करणारा, नलिकांपुरता तरी, थंडीतल्या पहाटेलाच घरात बोलावतो. पावसाळ्यात तूट २० च्या आसपास उतरते, पण कोकणात आणि मुंबईत त्याच दमट हवेत भिंतीला बुरशी चढते आणि गादीतल्या धूळकिड्यांचे फावते. ॲलर्जीचा दमा असेल तर एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते.

नलिका बहुधा व्यायाम चालू असताना आवळत नाहीत, थांबल्यावर आवळतात. त्रास ५ ते १५ मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढच्या अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. आपल्याकडे व्यायाम झाला की माणूस टॉवेल घेऊन थेट आंघोळीला जातो आणि आतून कडी लावतो. पंप बाहेर टेबलावर, फोन चार्जिंगला. नेमक्या धोक्याच्या पाव तासात तो एकटा आणि कडीबंद असतो. घरच्या व्यायामाचा एकच नियम सांगायला परवानगी असती, तर मी हा सांगितला असता : संपल्यावर २० मिनिटे बाहेरच्या खोलीत बसायचे, पंप हाताशी, आंघोळ नंतर.

तीव्र दम्यात आणखी एक भर पडते. नलिका मुळातच अरुंद असतात, त्यामुळे उच्छ्वास पुरता व्हायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो आणि छातीत जुनी हवा साठत जाते. रुग्ण सांगतो, श्वास आत जात नाही. खरी अडचण तो बाहेर पडत नाही ही असते. म्हणून या रुग्णांना सलग वीस मिनिटांपेक्षा तुकड्यातुकड्यांचा व्यायाम मानवतो. मध्ये थांबले की साठलेली हवा निघून जायला अवसर मिळतो.

स्नायूंची बाजू

वारंवार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्यांच्या मांड्या आणि नितंबांचे स्नायू झिजतात, हाडेही विरळ होतात. खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो तो अनेकदा यामुळे, आणि खापर मात्र दम्यावर फुटते. अशक्त स्नायू थोड्याशा कामात लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते निस्तरायला शरीर श्वास वाढवते, आणि त्याच जिन्याला ३० ऐवजी ४५ लिटर हवा लागते. इथे व्यायामाचा खरा फायदा कळतो. दम्यातल्या व्यायामावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ साली आढावा घेतला. तंदुरुस्ती वाढते, फुप्फुसांच्या चाचणीचे आकडे फारसे हलत नाहीत, असे त्यात दिसले. ब्राझीलमधल्या सांव पावलोच्या संशोधक गटाने २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम ते तीव्र दम्याच्या रुग्णांना १२ आठवडे ट्रेडमिलवर चालवले होते, आणि नलिकांची चिडखोर वृत्तीही कमी झालेली आढळली. मात्र तो व्यायाम देखरेखीखालचा होता. घरातल्या एकट्या माणसाने त्यावरून ट्रेडमिल विकत घ्यायची घाई करू नये.

घरी सुरुवात ताकदीच्या व्यायामापासून करावी, कारण थोड्या स्नायूंना थोडा वेळ राबवायला हवा कमी लागते. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची घ्यायची. बसून उठायचे, आठ वेळा. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. श्वास रोखून जोर लावायचा नाही. मग श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबायचे, घड्याळ काही का म्हणेना. नंतर ओट्याला धरून टाचा उचलणे, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरातून हात वाकवणे, पुन्हा खुर्ची. हात डोक्यावर नेऊन करायचे प्रकार सुरुवातीला टाळावेत, त्यांत छातीचे स्नायू गुंततात आणि धाप लवकर लागते. खोलीतल्या खोलीत चालणे दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांनी वाढवत न्यावे.

धाप मोजायला स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ० ते १० ची पट्टी पुरते : ३ ते ४ वर राहायचे, म्हणजे बोलताना वाक्य पुरे होते पण गाणे म्हणवत नाही. नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये, नलिका झटपट मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाने ते तसेही वाढतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आहे, त्याच्यावरही फार भरवसा नको. दम्यात ऑक्सिजन बराच उशिरा घसरतो; ९७ आकडा दिसत असताना माणूस चांगलाच अडचणीत असू शकतो. त्यापेक्षा श्वास किती वेगाने बाहेर फेकता येतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर उपयोगी. दमा आटोक्यात असतानाच्या काळातला स्वतःचा सर्वोत्तम आकडा माहीत असला आणि आज त्याच्या ८० टक्क्यांवर असलात तर व्यायाम करावा. ५० ते ८० च्या मध्ये असलात तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना. त्याखाली व्यायामाचा प्रश्नच नाही, तातडीचे उपचार हवेत.

व्यायामाआधी १० ते १५ मिनिटे हळूहळू अंग तापवावे. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये एकदा सौम्य आकुंचन होऊन गेले की पुढचे एक ते तीन तास नलिका कमी आवळतात, त्याचा फायदा मिळतो. आधी पंप घ्यायचा तर साल्ब्युटामॉल १० ते १५ मिनिटे अगोदर. पण रोज त्याच्यावर विसंबले की त्याचे संरक्षण बोथट होते. ज्यांच्या पंपात स्टेरॉइडबरोबर फॉर्मोटेरॉल आहे, त्यांनी व्यायामापूर्वीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पंपाची सवय लागते म्हणून तो व्यायामाच्या दिवशी मुद्दाम टाळणारे काही भेटतात; त्यांना काय म्हणावे!

घरातली हवा आणि घरातली वेळ

रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे नलिका सर्वांत अरुंद असतात. सकाळी उठून व्यायाम करण्याचा आपला संस्कार तीव्र दमेकऱ्याला त्यामुळे सोयीचा नाही. शिवाय सकाळी घरात केर निघतो, देवापुढे उदबत्ती लागते, फरशीला फिनेल लागते आणि ओट्यावर फोडणी चढते. लाल मिरचीच्या फोडणीने निरोगी माणूसही खोकतो. संध्याकाळी डासांची कॉइल पेटायच्या आत, म्हणजे साधारण चार ते सहा ही वेळ बऱ्याच घरांना जमेल. केर काढून निदान तासभर गेलेला असावा, जेवणाला दोन तास. गादीवर किंवा गालिच्यावर व्यायाम करू नये. पुसलेल्या फरशीवर धुता येणारी चटई बरी. दिवाळीत फटाक्यांचा धूर खोलीत शिरत असेल त्या संध्याकाळी व्यायाम नाही.

प्राणायामाचे काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच, आणि यायला हवा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, तीही इथेच. पुढे दम्यातल्या योगावर अनेक चाचण्या झाल्या; २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात जीवनमान आणि लक्षणे यांत थोडी सुधारणा दिसते. पण 'प्राणायाम' या एका नावाखाली परस्परविरुद्ध क्रिया येतात. दीर्घ, सावकाश उच्छ्वासाचे प्रकार वर सांगितलेल्या साठलेल्या हवेला वाट देतात. भस्त्रिकेत मात्र वेगाने आणि जोराने हवा आत-बाहेर होते. व्यायामाने दमा येतो का हे पाहायची एक प्रयोगशाळेतली चाचणी अशी : जागेवर बसलेल्या रुग्णाला ६ मिनिटे कोरडी हवा जलद श्वासाने घ्यायला लावतात, तिच्यात सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. दमा चाळवण्यासाठी तिथे तज्ज्ञ जे मुद्दाम घडवून आणतात, त्याच्या जवळ जाणारी क्रिया टीव्हीसमोर बसून, देखरेखीवाचून करणे तीव्र दम्यात शहाणपणाचे नाही. कपालभातीबद्दलही मी तेच म्हणेन. ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडणे, भ्रामरी, शवासन यांना कुणाची हरकत असणार नाही.

थांबायचे कधी

आधी एक गफलत निस्तरायला हवी. व्यायाम ऐन भरात असताना गळ्यापाशी आवळल्यासारखे होते, श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत सारे शांत होते. असे होत असेल तर दोष स्वरयंत्राचा असू शकतो. त्याला पंप लागू पडत नाही आणि 'औषध चालत नाही' म्हणून स्टेरॉइड मात्र वाढत जातात. याची तपासणी वेगळी असते, ती मागून घ्यावी.

खरा झटका आल्यास बसते व्हायचे, आडवे पडायचे नाही. पंप स्पेसरला लावून साल्ब्युटामॉलचा एक-एक फवारा, प्रत्येकानंतर चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. ज्यांच्याकडे फक्त कॅप्सूलचा रोटाहेलर आहे त्यांनी स्पेसरसह फवाऱ्याचा पंपही घरात ठेवावा, कारण कोरडी पूड ओढायला जो जोर लागतो तोच झटक्यात नसतो. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, किंवा आधी ऐकू येणारी घरघर दम वाढत असतानाच अचानक बंद झाली असेल, तर चार मिनिटेही थांबू नये; फवारे चालू ठेवूनच १०८ लावावा. घरघर थांबणे इथे सुधारणेची खूण नसते, हवा जाणेच थांबत आल्याची असते. व्यायामाच्या वेळी घरात कुणी नसेल तर शेजारी सांगून ठेवावे आणि दाराची आतली कडी काढून ठेवावी.

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात. तेव्हा घरातली आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नये. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो. तीव्र दम्यात, विशेषतः नाकात पॉलिप असलेल्यांत, हे प्रमाण जास्त आहे. पूर्वी त्रास झालेला नसेल तर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, तेही नेहमीच्या मात्रेत. आणि मधेच दमा उसळून स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स करावा लागला, तर पीक फ्लो नेहमीच्या आकड्यावर येऊन काही दिवस टिकेपर्यंत खुर्ची भिंतीला तशीच राहू द्यावी. मग आठाऐवजी चार उठबशांपासून पुन्हा सुरू करावे.